जोडीला दिलेली घोरपड

हेडविका सिकोरोवा रागावली की जिन्यातली माणसं दार किलकिलं करून ऐकत, आणि तिची पावलं जवळ आली की लावून घेत. तिच्या रागाचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. लिफ्ट बंद पडली, राग. ती धावत येताना दिसूनही ट्रामवाल्याने दार लावून घेतलं, राग. घरमालक संघाच्या सभेत कुणी घरातल्या प्राण्यांचा विषय काढला, मग तर विचारूच नका. पण हे रोजचे राग. यायचे, दणाणायचे, कॉफी थंड व्हायच्या आत जायचे. त्या फेब्रुवारीत एका सकाळी स्वयंपाकघराच्या बेसिनपाशी जो राग आला तो तसला नव्हता. त्या रागात हेडाच्या तोंडून एक शिवीसुद्धा निघाली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याने तेवढ्यावरूनच घाबरायला हवं होतं.

बेसिनमध्ये एक मेलेली घोरपड होती.

झाडावर राहणाऱ्या या घोरपडी पाळणाऱ्यांची ओस्त्रावा शहरात एक वेगळीच जमात आहे. कुणी खाणीतून निवृत्त झालेला, कुणी ट्रामचा वीजतंत्री, कुणी खाटीक. दिवाणखान्यातली भिंतभर कपाटं काढून तिथे काचेची उंच पेटी बसवायची, दिवे लावायचे, पाण्याचे फवारे सोडायचे आणि बाहेर बर्फ पडत असताना आत न्यू गिनीचं रान उभं करायचं. या जमातीची एक रीत आहे. एकाकडे मादी असली आणि दुसऱ्याकडे नर, तर मादी त्याच्याकडे जोडीला द्यायची. लिहिणं नाही, सही नाही; हातात हात दिला की झालं. पिल्लं निम्मी निम्मी, एखादं वर उरलं तर ते मादीवाल्याचं. आणि जनावर मेलंच, तर देह परत करायचा. फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि नेऊन द्यायचा, म्हणजे कुणाच्या मनात किंतू राहत नाही. त्यामुळे यांच्या घरी नाताळच्या उरलेल्या माशाशेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट असतं, आणि पाहुण्याने बर्फासाठी आपणहून फ्रीजर उघडू नये हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं.

हेडाने आपली झोफ्का वसंतात ओता कोटासकडे जोडीला दिली होती. नाताळच्या तोंडावर ओताने ती परत आणून दिली, कापडात गुंडाळून, दगडासारखी गोठलेली. "अंडी अडकली गं," म्हणाला. डोळे पुसत होता. हेडानेच त्याला धीर दिला. त्याला, हो! वर बाटली काढली, दोघांनी एकेक पेला घेतला, आणि ओता गेल्यावर ती तशीच टेबलापाशी अंधार पडेपर्यंत बसून राहिली. तेव्हा जमीन गोठलेली, बागेत खड्डा खणणं शक्य नव्हतं. म्हणून झोफ्का फ्रीजरमध्ये राहिली. आता दोन दिवस ऊन पडून माती मऊ झाली, तेव्हा हेडाने आईच्या वेळचा भरतकामाचा टॉवेल काढला. मातीत ठेवायचीच तर जुनेरात नाही, चांगल्या कापडात ठेवू, असा विचार करून तिने बर्फ सुटावा म्हणून देह बेसिनमध्ये ठेवला.

रंग गेला होताच. मेल्यावर त्यांचा तो पोपटी हिरवा रंग राहत नाही, शेवाळाच्या काळपट रंगावर जातो. पण शेपटीवरचा बर्फ वितळला आणि हेडा खाली वाकली. टोकाला लाल मांस होतं. मधोमध हाडाचा पांढरा ठिपका. सरळ, सफाईदार काप.

झोफ्काच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं, हे खरं. चार वर्षांपूर्वी गॅलरीच्या दारात सापडलं होतं, आणि दार हेडानेच लावलं होतं. त्या दिवशी तिने स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात नवऱ्यालाही घातल्या नव्हत्या, आणि तो तर शेजारणीला घेऊन पळाला होता. पण ती जखम कधीच भरली होती. पालीसारखं घोरपडीचं शेपूट परत येत नाही. तिथे काळं, गोल, चण्याएवढं घट्ट टोक झालं होतं. हेडाने ते बोटाने हजारदा चाचपलं होतं. या समोरच्या शेपटीचं टोक जिवंतपणी तुटलेलंच नव्हतं. मेल्यावर कुणीतरी कापलं होतं.

म्हणजे ही झोफ्का नव्हती. आणि ही झोफ्का आहे असं हेडाला वाटावं म्हणून ओताने एका मेलेल्या जिवाला कात्री लावली होती.

ओता! दुसरा कुणी असता तर हेडाने भरल्या सभेत त्याची शोभा केली असती आणि संध्याकाळी विसरून गेली असती. पण ओताशी तिचं नातं साधं नव्हतं. पोलाद कारखान्यात ती क्रेनवर. छताखालच्या त्या लहानशा केबिनमध्ये तिची उमर गेली, आणि खाली साखळ्या अडकवायला ओता. भट्ट्यांच्या आवाजात माणसाचा शब्द ऐकू येणं अशक्य. वर बसलेल्या बाईला खालच्या माणसाचे फक्त हात दिसतात. हात वर, की उचल. तळवा आडवा, की थांब. त्या हातांवर विश्वास नसेल तर माणसं मरतात, इतकं ते सोपं आहे. सबंध नोकरीत ओताच्या हाताने तिला एकदाही चुकीची खूण केली नाही. म्हणून त्याने झोफ्कासाठी हात पुढे केला तेव्हा हेडाने दुसरा विचारच केला नाही. या माणसाने केसाने गळा कापावा?

झोफ्काही तशी ओतामुळेच घरात आली होती. क्रेन सुटल्यावर हेडा घरी बसली ती नुसती धुमसत बसली. सगळं जग उंचावरून पाहायची सवय, आणि राहायला मिळालेली जागा पहिल्या मजल्यावरची, खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. ओता तिला ओढून कल्चर हाऊसमधल्या प्राण्यांच्या बाजारात घेऊन गेला. तिथे एका पेटीत, सगळ्यात वरच्या फांदीवर, हातभर लांबीची एक हिरवी बया बसली होती. अंग बारीक, शेपूट अंगाच्या दुप्पट आणि फांदीला गुंडाळलेलं. तिने मान तिरकी केली आणि हेडाकडे वरून असं पाहिलं, की तुझं काय काम आहे इथे? हेडा हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली, असं ओता पुढे सगळ्यांना सांगायचा.

घरी झोफ्का पेटीत थोडी आणि पडद्याच्या दांडीवर जास्त राहायची. "खाली ये गं भवाने," असं म्हटलं की यायची, हेडाच्या बाहीवर नखं रोवून खांद्यापर्यंत चढायची आणि बोटांतून टोळ असा अलगद घ्यायची की बोटाला कळूही नये. बाजारातली माणसं म्हणायची, "सिकोरोवा मावशी, असं जनावर म्हणजे खजिना आहे, त्याची पैदास करायला हवी." हेडा म्हणायची, "तुमची करा आधी."

मग ओताने गळ घातली. आणि तिने दिली.

देह पुन्हा फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून हेडा ट्राममध्ये बसली. कोटासांच्या घरची घंटा तिने बोट न उचलता वाजवली. दार ओताच्या बायकोने उघडलं, मिलुश्काने. हेडाचा चेहरा आणि हातातली पिशवी पाहून तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगं हेडा... फोन तरी करायचास."

"चपला दे."

इकडचं माणूस खून करायला आलं तरी आधी दारात बूट काढील. हेडाने बूट काढले, मिलुश्काने दिलेल्या पाहुण्यांच्या चपला घातल्या आणि ती थेट दिवाणखान्यात गेली. ओता फवाऱ्याची बाटली हातात घेऊन पेटीसमोर उभा होता. आत, दिव्याखालच्या फांदीवर, हिरवीगार झोफ्का. पोट दोन्ही बाजूंनी तट्ट फुगलेलं, आणि खाली लोंबणाऱ्या शेपटीला ते काळं, गोल टोक.

जिवंत होती. हेडाला आनंद झाला. हे तिने पुढे कधी कबूल केलं नाही. लगेच तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिने पिशवी टेबलावर आदळली.

"ही कोण?"

ओताने बाटली खाली ठेवली. "माझी जुनी. गेल्या वर्षी मेलेली."

"आणि शेपूट? कशाने कापलंस?"

"हेडा, ऐक..."

"कशाने कापलंस ते विचारतेय, मुडद्या!"

"फांद्या छाटायच्या कात्रीने."

"स्वतःच्या जनावराला! तुझ्या हातून खात होती ना ती? आणि तिला कात्री लावताना तुझा हात झडला नाही?" ती मिलुश्काकडे वळली. "आणि तू! तू मला दुखवट्याचा केक पाठवलास!"

"मला वाटलं, काहीतरी गोड पाठवावं," मिलुश्का पुटपुटली.

"मी तो खाल्ला, मिलुश्का! रडत रडत सगळा खाल्ला!"

ओता खाली मान घालून उभा होता, पण चोर तर चोर वर शिरजोर म्हणतात तशी त्याला वाचा फुटलीच. "चार वर्षं तुझ्याकडे होती. एक तरी अंडं घातलं तिने? इथे पहिल्याच वर्षी घातली. पहिली बुरशीने गेली, माझी चूक, पेटी फार ओली होती. आता पुन्हा भरली आहे. आता जगतील. तू नाताळाआधी फोन केलास, म्हणालीस, बस झालं, आणून दे. कसा देणार होतो मी? तुझ्याकडे ती पडद्याच्या दांडीवर बसून म्हातारी झाली असती!"

"झाली असती! माझ्या दांडीवर, माझ्या घरात झाली असती! तुला काय त्याचं?"

हेडा पेटीकडे झेपावली. काचेच्या दाराला तिचा हात लागणार तोच ओता आडवा आला आणि त्याने दोन्ही हात सरळ बाजूंना पसरले. कारखान्यात ही खूण म्हणजे जिथे आहेस तिथे थांब, वरचं ओझं तसंच लटकू दे. हेडा थांबली. तिच्या मनाने नव्हे, अंगाने ऐकलं. सगळ्या आयुष्याची सवय. आपण थांबलो हे लक्षात आलं तेव्हा तिला रडू आलं, इतका तिला स्वतःचा संताप आला.

"आज उद्यावर आली आहे," ओता हळू आवाजात म्हणाला. "आता जागा बदललीस तर अंडी धरून ठेवील. अडकतील. मग खरंच मरेल. तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. हीच तर आग होती. इतकं खोटं बोललेल्या माणसाच्या तोंडून खरं ऐकायचं आणि वर ते मानायचं. नेली तर झोफ्का जाणार. सोडून गेली तर उद्या हा सांगणार, हेडा, या वेळेला खरंच मेली.

हेडाने कोट काढला. पेटीसमोरची ओताची खुर्ची ओढली, अगदी काचेजवळ आणली आणि तीत बसली.

"काय करतेस?" ओताने विचारलं.

"बसतेय."

"किती वेळ?"

"ती अंडी घालेपर्यंत. तुला अडचण असेल तर तू बाहेर जा."

आणि ती बसली. क्रेनवर बसलेल्या बाईला बसणं शिकवायला लागत नाही. कोटासांच्या दिवाणखान्यात ती घोरपडीसारखी चिकटली. मिलुश्काने सोफ्यावर पांघरूण आणून ठेवलं, सकाळी कॉफी आणली, दुपारी बटाट्याचं घट्ट सूप. हेडा सगळं खायची आणि आभार मानायची नाही. ओता स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचा. फवारा मारायची वेळ झाली की दारात येऊन घसा खाकरायचा.

"मारू का?"

"मार आणि नीघ."

आपल्याच घरात त्याला टीव्ही लावायची चोरी झाली. हेडा मात्र झोफ्काशी बोलत राहायची, मुद्दाम मोठ्याने. "पाहिलंस ना भवाने, कुणाच्या हाती दिलं होतं तुला? मेल्याने तुझं मयत केलं, माझ्या पैशाने नाही, माझ्या अश्रूंनी केलं." झोफ्का जीभ बाहेर काढायची आणि वरून दोघांकडे सारखंच पाहायची.

एका संध्याकाळी मिलुश्का विणकाम घेऊन शेजारी येऊन बसली.

"कळलं तेव्हा तू का नाही बोललीस?" हेडाने विचारलं.

"बोलले. त्याला बोलले. तुला कसं बोलू? नवरा आहे माझा. तुझा निदान पळून गेला. माझा इथेच राहतो."

हेडाला हसू येणार होतं. तिने ते गिळलं आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं.

ओताला शेवटी राहवलं नाही. तो समोर येऊन उभा राहिला. "हेडा, तुझ्या हुकाखाली मी जन्म काढला. माझ्या डोक्यावरून तू टनांनी लोखंड नेलंस. मी कधी वर मान करून पाहिलं नाही. एवढा विश्वास होता. त्याचं काहीच नाही का?"

"मग? एकदा तरी पाडलं का मी तुझ्या डोक्यावर?" हेडा उठून उभी राहिली. "मनात आलं असतं तर पाडता आलं असतं. एकदा तू माझ्या रजेवरून मुकादमाकडे चुगली केलीस तेव्हा तर फार मनात आलं होतं. पाडलं का?"

ओता परत स्वयंपाकघरात गेला.

झोफ्काने अंडी घातली ती एका दुपारी. आधी ती पेटीत वर टांगलेल्या लाकडी डब्यात शिरली. आतून शेवाळ आणि भुसा बाहेर उडू लागला. मग बराच वेळ काहीच नाही. हेडा आणि ओता काचेपाशी गुडघ्यांवर बसले होते, खांद्याला खांदा लावून, आणि दोघांचेही श्वास काचेवर उमटत होते. "ढकल गं बाई," हेडा म्हणाली. "ढकलतेय," ओता कुजबुजला. शेवटी झोफ्का बाहेर आली. पोटाची कातडी सैल लोंबत होती, भुसा नाकाला लागलेला. ती सरळ फवाऱ्याच्या नळीपाशी गेली आणि पाणी पीत राहिली. ओताने डबा उघडला. तीन पांढरी अंडी. त्याने ती न उलटवता, जशी होती तशी उचलली आणि उबेच्या पेटीत ठेवली. हात कुशल होते मेल्याचे, त्यात खोट नव्हती. हेडाच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ रागवायला विसरलो होतो, आणि ती झटकन उठून बाजूला झाली.

ती आणखी एक रात्र राहिली. सकाळी झोफ्काने तिच्या बोटांतून टोळ घेतला, मग दुसरा घेतला. तेव्हा हेडाने मिलुश्काकडे उशीचा अभ्रा मागितला, झोफ्काला त्यात घातलं, वर गाठ मारली आणि अभ्रा कोटाच्या आत छातीशी धरून बटणं लावली.

ओता दारात उभा होता. "तीन आहेत," तो म्हणाला. "दोन तुझी, एक माझं. रीत ती रीत. पिल्लं निघाली की मी स्वतः आणून देईन."

"सगळी तुझी."

"काय?"

"तिन्ही तुझी. ठेव. मला नकोत."

ओताचा चेहरा फुलला. त्याला तो आवरता आला नाही. त्याच्या मनात जे होतं ते सगळं त्याला मिळालं होतं, आणि ते त्याच्या गालांवर, कानांपर्यंत दिसत होतं. हेडाने ते पाहिलं. इतके दिवस धरून ठेवलेला तिचा आवाज तिथे फाटला.

"हसू नकोस! हसतोस काय? तू नुसतं म्हणाला असतास ना, हेडा, अजून एक वर्ष राहू दे, तर मी राहू दिली असती. दोन वर्षं राहू दिली असती. कायमची मागितली असतीस तरी महिनाभर तुला शिव्या घातल्या असत्या आणि दिली असती. तुलाच दिली असती, मुडद्या. दुसऱ्या कुणालाही नाही."

ओताच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, पण आता त्याला काही अर्थ नव्हता.

"मी सांगितलं होतं," मिलुश्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेव्हाच सांगितलं होतं, विचार तिला. ती नाही म्हणणार नाही."

ओता दाराजवळच्या स्टुलावर खाली बसला, जिथे बसून पाहुणे बूट घालतात. त्यामुळे हेडाला उभ्यानेच, भिंतीला टेकून बूट घालावे लागले, एका हाताने, कारण दुसरा कोटावर होता. कोटासांच्या जिन्यातल्या माणसांनी कान देऊन ठेवले होते, पण हेडाने दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर कोटातलं जनावर दचकलं असतं.

शिव्या तिने ट्रामच्या थांब्यावर उभं राहून घातल्या, सगळ्या, ओळीने, गारठ्यात तोंडातून वाफा निघत असताना. थांब्यावरची माणसं चार पावलं लांब सरकली. ट्राम आली तरी तिच्या शिव्या संपल्या नव्हत्या, आणि मग डोळे इतके भरले की कितव्या नंबरची ट्राम आहे ते तिला कुणाला तरी विचारावं लागलं.